कोंडाबाई, बाद

अर्ध्या पेन्सिली. खोक्यात पंधरा होत्या आणि वर्गात बायका तीस. मी प्रत्येक पेन्सिल मधोमध मोडली आणि दोन्ही तुकड्यांना ब्लेडने टोक काढलं.

*

घायपात माणसाच्या उंचीची होते. दाट लावली तर तिच्या आड बसलेलं माणूस रस्त्यावरून दिसत नाही.

*

सर्वसाधारण जागेची मतपत्रिका पांढरी, बायकांच्या राखीव जागेची गुलाबी. हा रंग कुणी ठरवला मला माहीत नाही.

*

हौसाबाई डावखुरी होती. तिच्या सासूनंतर शेरेवाडीत हे फक्त मला माहीत होतं.

*

शुक्रवारी सकाळी साक्षरता वर्गाची तपासणी होती. जिल्ह्याचे साहेब देवळाच्या ओवरीत सतरंजीवर बसले आणि एकोणतीस बायकांनी त्यांच्यासमोर एकेक करून सही केली. तिसावी, कोंडाबाई, उशिरा आली. धापा टाकत होती, हातात घडी घातलेला कागद होता. ती काही बोलत होती, मी म्हटलं, "आधी सही, बाकीचं मग." तिने सही केली. साहेबांनी वहीत शेरा लिहिला: शंभर टक्के.

*

हे सत्त्याण्णव सालचं. मी बावीस वर्षांची होते, बारावी झाले होते, आणि गावातल्या बायका, माझ्या आईच्या वयाच्यासुद्धा, मला 'बाई' म्हणत होत्या. मारुतीच्या देवळात दुपारी दोन ते चार वर्ग. महिन्याला मानधन नावापुरतं. पण गावात अंगणवाडी मंजूर झाली होती, सेविका नेमायला ग्रामपंचायतीचा ठराव लागत होता, आणि ठराव रंगनाथतात्यांच्या हातात होता. तात्या पंधरा वर्षं गावाचे पुढारी. मला बघितलं की छातीवरच्या खिशावर दोन बोटं आपटायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमचा ठराव हितं हाय."

वर्गात मी सही शिकवत होते. तसाच हुकूम होता. सही आली की बाई साक्षर धरायची, आकडा वर कळवायचा. वाचन पुढच्या टप्प्यात.

तपासणीनंतरच्या सोमवारी कोंडाबाई वर्गाला आली नाही.

"ती आता याची न्हाई," साळू म्हणाली. साळूचा नवरा पिठाची गिरणी चालवायचा आणि गावातली प्रत्येक गोष्ट तिच्याकडे पिठाबरोबर यायची. "तिनं माघार घेतली."

"काय सांगतेस? कुणी सांगितलं?"

"यादी लागलीया चावडीवर. गुलाबी जागंला दोनच नावं. आपली हौसाबाई कपबशी, आन् वरल्या आळीची विमल छत्री. कोंडाबाईचं नाव न्हाई."

हौसाबाई तिथेच बसली होती, खांबाला टेकून, वहीत मान घालून. ती तात्यांची बायको. जागा बायकांची झाल्यावर तात्यांनी तिचा अर्ज भरला होता आणि वरच्या आळीच्या पॅनेलने विमलचा. दोघींनी प्रचारात एकदाही तोंड उघडलं नव्हतं. कोंडाबाईने मात्र आपला अर्ज आपण भरला होता. चाळिशीची विधवा, दोन शेरडं आणि दीड बिघा रान. अर्जावर तिने सही केली होती, तीही पहिल्या खेपेला.

ती उभी का राहिली होती हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. ओढ्याकडे जाणारी पाणंद ही बायकांची जागा. पहाटे तिथे बायका परसाकडे जायच्या. दोन्ही बाजूंना जुनी घायपात होती. तात्यांचा ट्रॅक्टर मळ्यात जावा म्हणून उन्हाळ्यात पंचायतीने ती तोडली. तेव्हापासून बायका उजाडायच्या कितीतरी आधी उठत होत्या, किंवा दिवसभर कळ काढत होत्या. पाळीच्या दिवसांत तर विचारूच नका. ग्रामसभेत हे बोलायचं कुणी? "मी बोलते की," कोंडाबाई म्हणाली होती. "मला नवरा न्हाई. मला कोण घरी गेल्यावर मारणार हाय?"

"तिनं अंगठा दिलाय माघारीवर," साळू म्हणाली.

"अंगठा कसा देईल? तिला सही येते."

हौसाबाईची पेन्सिल वहीवर थांबली होती.

*

दुसऱ्या दिवशी मी कोंडाबाईला घेऊन तालुक्याला गेले. निवडणूक अधिकारी पन्नाशीचे, शांत, चष्मा कपाळावर ठेवणारे. त्यांनी फाईल काढली आणि कागद दाखवला. सगळा मजकूर टाईप केलेला. खाली निळा अंगठा आणि त्याच्या बाजूला कुणीतरी लिहिलेलं: निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

"अर्ज सूचकाने आणून दिलाय. शुक्रवारी, दोन वाजून पन्नास मिनिटांनी. मुदत तीनची."

सूचक म्हणजे कोंडाबाईचा धाकटा दीर. तो तात्यांच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता.

"साहेब, यांना सही येते. तुमच्याच फायलीत यांची सही आहे."

"असेल. अंगठाही यांचाच आहे ना?"

"माझाच हाय," कोंडाबाई म्हणाली. "दीर म्हणाला निराधारच्या पगाराचा कागद हाय, त्याला अंगठाच लागतो."

"मग ही माघार परत घेऊ द्या," मी म्हटलं.

"बाई, माघार मागे घेता येत नाही. तसा नियम आहे." ते चिडले नव्हते. कोंडाबाईकडे वळून म्हणाले, "न वाचता अंगठा कशाला लावायचा? कुणाकडून तरी वाचून घ्यायचा होता."

कोंडाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चुकलं माझं."

एसटीत ती खिडकीपाशी बसली. गाव यायच्या जरा आधी एकच बोलली: "मला सही येती हे त्यास्नी ठाऊक हुतं. तरी अंगठा चालला."

*

बुधवारी साळूने वर्गात मागणी केली. "बाई, आज आपापलं नाव नको. कोंडाबाईचं शिकवा."

"तिचं कशाला?"

"ती येत न्हाई. तिचं नाव तरी असू द्या फळ्यावर."

मला ते आवडलं. माझ्या डोळ्यात पाणीच आलं, खरं सांगायचं तर. मी फळ्यावर मोठं लिहिलं. क ला काना, वर एक मात्रा, त्यावर टिंब. ड ला काना. ब ला काना. ई. मग वर रेघ.

"लई मोठं नाव हाय बया हिचं," कुणीतरी म्हणालं.

"सोपं असतं तर माघारी आलं नसतं," साळू म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

त्या दिवशी आणि पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काही गिरवलं नाही. मी प्रत्येकीचा हात बघत फिरत होते. साळूचा ड भाकरीसारखा गोल. म्हातारी गंगूआत्या टिंब देताना कपाळाला कुंकू लावल्यासारखं बोट टेकवायची, मग पेन्सिल. आणि हौसाबाई. ती कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसायची. वर्गात आल्यावर पेन्सिल डाव्या हातात घ्यायची, घरी मात्र सगळं उजव्याने. डाव्या हाताने वाढलं तर सासू ताट फेकायची, त्या काळापासून तिने तो हात घरात लपवलेला होता. ती वरची रेघ उजवीकडून डावीकडे ओढायची, त्यामुळे रेघेची शेपटी क च्याही पुढे, डावीकडे बाहेर जायची. आणि हात लिहिलेल्या अक्षरांवर घासला जाऊन सगळं नाव काळपट व्हायचं.

"शिक्का मारताना मत बाद कसं हुतं ओ, बाई?" मतदानाच्या तीन दिवस आधी गंगूआत्याने विचारलं.

मी सांगितलं. दोन चिन्हांवर शिक्का मारला तर. कुठेच मारला नाही तर. कागदावर काही लिहिलं, नाव, खूण काहीही, तर.

"लिवलं की बाद?"

"बाद."

"आन् कोण लिवलं ते कळतं?"

"नाव लिहिलं तर कळणारच की."

"आपलं लिवलं तर," साळू म्हणाली.

मी ते मनावर घेतलं नाही. पेन्सिली घरी न्यायला मागितल्या तेव्हा म्हटलं, न्या, घरी गिरवा.

*

मतदानाला तात्यांचा ट्रॅक्टर बायकांना घेऊन गेला. वरच्या आळीचा टेम्पो होता. नवरे शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि जाता जाता एकेकीला चिन्ह सांगत राहिले. मी रांगेत साळूच्या मागे होते. तिच्या अंबाड्यात पेन्सिलीचं टोक दिसत होतं.

"हे काय?"

"खाज येतीया," ती म्हणाली. "पडद्याआड जाऊन खाजवते."

ती आत गेली. पेपर फडफडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. केंद्राध्यक्ष ओरडले, "अहो बाई, झालं का?" आतून साळूचा आवाज: "थांबा की! टिंब राहिलंय."

ते त्यांना कळलं नाही. मला तिथे कळलं.

*

मोजणी दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत. तात्यांनी मला हौसाबाईची प्रतिनिधी म्हणून बसवलं. "बायकांचं टेबल हाय, तुम्हाला वाचता येतंय, बसा." ते स्वतः मागे उभे राहिले. विमलकडून तिचा नवरा बसला होता. खिडक्या उघड्या होत्या आणि बाहेर कडुनिंबाखाली शेरेवाडीच्या पाच-सहा बायका येऊन बसल्या होत्या, भाकरी बांधून. त्यांत कोंडाबाई होती.

आधी गठ्ठे लावले. कपबशीचा एक, छत्रीचा एक. तिसरा वाढत गेला तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

चांगली मतं मोजून झाली. हौसाबाई एकशे एकतीस. विमल एकशे बत्तीस.

"एका मतानं?" तात्या म्हणाले. "तो तिसरा गठ्ठा काढा."

अधिकाऱ्यांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. नियमाप्रमाणे संशयित मतपत्रिका दोन्ही प्रतिनिधींना दाखवायची, कारण सांगायचं, मग 'नाकारले' असा शिक्का मारायचा. त्यांनी पहिली गुलाबी मतपत्रिका उचलली. शिक्का नव्हता. कपबशी आणि छत्री यांच्या मधल्या जागेत, पेन्सिलीने, वेडंवाकडं.

"कोंडाबाई," त्यांनी वाचलं. "ही उमेदवार नाही. बाद."

दुसरी.

"कोंडाबाई. बाद."

तिसऱ्या वेळी ते जरा थांबले. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि एकसारख्या आवाजात वाचत गेले, हजेरी घेतल्यासारखे. "कोंडाबाई, बाद. कोंडाबाई, बाद. कोंडाबाई, बाद." शिक्का दर वेळी टेबलावर आपटत होता. दुसऱ्या टेबलांवरची मोजणी थांबली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. खिडकीबाहेरच्या बायका माना वळवून ऐकत होत्या.

अर्ध्यावर तात्या माझ्या कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास होता.

"बाई, ही तुमचीच पोरं."

"कोण?"

"अक्षरं. तुम्ही शिकवलीत. कुठलं कुणाचं सांगा. लिहून घ्यायचं न्हाई, नुस्तं सांगा. मी ध्यानात ठेवतो."

अधिकाऱ्यांनी मान वर केली, पण थांबवलं नाही. त्यांनी पुढची मतपत्रिका धरली. गोल, भाकरीसारखा ड.

"कुणाचं?"

मी शिक्क्याकडे बघत राहिले.

"ठराव पुढल्या सभेत हाय," तात्या हळू म्हणाले. त्यांनी खिशावर बोटं आपटली. "ह्या जागंनं काय व्हत न्हाई, बाकीच्या सहा माझ्याच हायत. मी काय त्यांना खाणार हाय? समजावून सांगीन घरी."

विमलचा नवरा हसत होता. "तात्या, आधी घरातल्या मताची खात्री करा."

"माझ्या घरात कपबशीबिगर चहा व्हत न्हाई," तात्या म्हणाले.

आणि तेव्हाच पुढची मतपत्रिका आली. शेवटून तिसरी किंवा चौथी. नाव काळपट झालेलं, हात फिरून फासलेलं. वरची रेघ क ओलांडून डावीकडे बाहेर गेली होती, लांब, कागदाच्या कडेपर्यंत.

कपबशीचा एक शिक्का तिथे असता तर एकशे बत्तीस-एकशे बत्तीस झालं असतं. चिठ्ठी टाकली असती.

"हे बघा," तात्या म्हणाले. "हिला तर लिवताबी येत न्हाई नीट. पुसापुशी केलीया. ही कोण?"

मला वाटतं मी त्या कागदाकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघितलं. मग मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. पंधरा वर्षांचा पुढारी, वीस वर्षांचा नवरा. त्यांना खरंच ओळखू येत नव्हतं.

"तात्या," मी म्हटलं, "सगळ्यांनी फळ्यावरचं माझं अक्षर गिरवलंय. मला सगळीकडे माझंच अक्षर दिसतंय."

"म्हंजे?"

"म्हणजे मला ओळखू येत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. खिशावरची बोटं खाली आली.

"बरं," ते म्हणाले. "बरं, बाई."

"कोंडाबाई," अधिकाऱ्यांनी वाचलं, आणि शिक्का मारायच्या आधी ती मतपत्रिका थोडी दूर धरून बघितली. "बाद."

*

बाहेर कोंडाबाई बाकीच्यांपासून वेगळी, झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. पदराचं टोक तोंडात होतं.

"मला किती पडली?" तिने विचारलं.

"सगळी बाद झाली."

"ते ऐकलं की. किती?"

"एकोणतीस."

तिने बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. "मग तिचं बी हाय त्यात," ती म्हणाली. नाव घेतलं नाही. मीही नाही.

"आणि तुझं?"

"माझा कागद कोराच टाकला. आपणच आपलं नाव कसं लिवायचं? बरं दिसत न्हाई." मग ती हसली, पहिल्यांदा. "त्यो साहेब चांगला वाचतो. देवळात नाम घेत्यात तसं. आमच्या लग्नातबी कुणी इतक्यांदा माझं नाव घेतलं नव्हतं."

साळूने भाकरी सोडली. आम्ही सगळ्या तिथे बसून जेवलो. परतीच्या एसटीत गंगूआत्या झोपली आणि तिच्या मुठीतून पेन्सिलीचा तुकडा खाली पडला. मी तो उचलून परत तिच्या हातात दिला.

*

अंगणवाडीवर तात्यांची भाची लागली. मी पुढच्या वर्षी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेले आणि तिथे एका आश्रमशाळेत शिकवू लागले. तिथे मी आधी वाचायला शिकवते, सही शेवटी. यावरून दोनदा मला लेखी खुलासा द्यावा लागला.

गाव सोडायच्या आधीच्या पावसाळ्यात मी एकदा पहाटे पाणंदीकडे गेले होते. चिखलात कुणीतरी उकिडवं बसलं होतं. हौसाबाई. शेजारी पाटीत घायपातीचे फुटवे होते, मुळांसकट, आणि ती खुरप्याने खड्डे करून एकेक लावत होती. खुरपं डाव्या हातात होतं. अर्धी पाणंद झाली होती.

"तात्यांना चालेल का?" मी विचारलं.

"त्यांना वाटतंय वरल्या आळीनं लावली." तिने माती दाबली. "दोन वर्सं लागतील उंच व्हायला."

"डाव्या हातानं?"

"हितं कोण बघतंय?"

मी तिच्याजवळ बसले आणि पाटीतले फुटवे एकेक करून तिच्या हातात देत राहिले. उजाडेपर्यंत.

मग मी तिला ते सांगायचा प्रयत्न केला. ते मी कोंडाबाईला कधी सांगू शकले नाही, आणि तिनेही मला कधी ऐकवलं नाही, त्या अधिकाऱ्यासमोरसुद्धा. हौसाबाई खड्डे करत राहिली. ऐकलं की नाही कळलं नाही.

तपासणीच्या शुक्रवारी कोंडाबाई ओवरीच्या पायरीवर म्हणाली होती, "बाई, दीर भाईर थांबलाय, हे काय लिवलंय तेवढं वाचता?" तिने घडी उलगडली होती. त्या कागदावर तेव्हा अंगठा नव्हता.